विश्लेषण : छातीतला पू कधी काढायचा आणि कसा? डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांचे उत्तर शंभर वर्षांनंतरही का पाळले जाते?

१९१८च्या सुरुवातीला अमेरिकेच्या लष्करी तळांवर नव्याने भरती झालेले तरुण सैनिक आघाडीवर जाण्याआधीच दगावत होते. आधी गोवर, मग न्यूमोनिया आणि त्यापाठोपाठ छातीत साठणारा पू, असा या आजाराचा क्रम होता. पू दिसला की सर्जन लगेच छाती उघडत. पण त्यानंतर अनेक रुग्णांची प्रकृती काही तासांतच ढासळत असे. उपचार योग्य होता, तर रुग्ण वाचत का नव्हते? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांमध्ये डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम हे ३५ वर्षांचे सर्जन होते. आज रुग्णाच्या छातीत नळी टाकून ती पाण्याच्या बाटलीला जोडली जाते, तेव्हा ग्रॅहम यांनी घालून दिलेले नियमच पाळले जात असतात.

कोण होते डॉ. ग्रॅहम?

एव्हर्ट्स अँब्रोज ग्रॅहम यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी शिकागो येथे झाला. वडील सर्जन होते. ग्रॅहम यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातून १९०४मध्ये पदवी घेतली आणि १९०७मध्ये शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. मात्र केवळ शस्त्रक्रियेचा सराव पुरेसा नाही, शरीरात काय घडते हे रसायनशास्त्रातून समजले पाहिजे, असे त्यांना वाटे. म्हणून डॉक्टर झाल्यावरही त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नी हेलन ट्रेडवे याही शास्त्रज्ञ होत्या आणि पुढे त्यांनी औषधशास्त्रात संशोधन केले.

काही काळ ग्रॅहम आयोवा राज्यातील मेसन सिटी या लहान शहरात सर्जन म्हणून काम करत होते. तेथे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला सर्जनने आपल्या फीतला वाटा देण्याची पद्धत रुळलेली होती. आपल्याकडे याला कट प्रॅक्टिस म्हणतात. ग्रॅहम यांनी या प्रकाराला विरोध केला आणि तो अखेरपर्यंत कायम ठेवला. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. छातीतल्या पुवाचा अभ्यास करण्यासाठी लष्कराने नेमलेल्या एम्पायमा आयोगात त्यांची निवड झाली. व्हर्जिनिया राज्यातील कॅम्प ली हा तळ या आयोगाच्या कामाचे केंद्र होता.

छातीत पू होतो म्हणजे नेमके काय होते?

फुप्फुसाभोवती पातळ आवरणाचे दोन थर असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला आतून लागलेला. दोघांच्या मध्ये जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे छाती फुगली की फुप्फुसही तिच्याबरोबर फुगते. छाती हा भाता मानला, तर ही बंद फट म्हणजे भात्याचे आणि फुप्फुसाचे न दिसणारे जोडकाम.

या फटीत द्रव साठला की छातीत पाणी झाले, असे आपण म्हणतो. जंतुसंसर्ग होऊन त्याच द्रवाचा पू झाला की त्याला एम्पायमा म्हणतात. पू फुप्फुसाला दाबतो, ताप उतरत नाही, धाप लागते आणि रुग्ण खंगत जातो. पू काढला पाहिजे हे हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत होते. छातीला छेद देऊन धातूची पोकळ नळी ठेवण्याचे वर्णन त्या काळच्या ग्रीक ग्रंथांत आढळते. म्हणजे २० व्या शतकात वाद पू काढावा की नाही हा नव्हता. तो कधी आणि कसा काढावा, हा होता.

लष्करी तळांवर काय चुकत होते?

त्या काळी सर्रास वापरली जाणारी शस्त्रक्रिया सरळ होती. बरगडीचा तुकडा कापायचा, छाती उघडायची, पू वाहू द्यायचा आणि जखम उघडी ठेवायची. न्यूमोनिया ओसरल्यावर हळूहळू होणाऱ्या जुन्या, घट्ट पुवासाठी ही पद्धत बऱ्यापैकी चालत असे. त्यामुळे सर्जनांचा तिच्यावर विश्वास बसलेला होता.

लष्करी तळांवरचा आजार मात्र वेगळा होता. तो स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया होता. त्यात न्यूमोनिया ऐन भरात असतानाच छातीत मोठ्या प्रमाणात पातळ, पाण्यासारखा द्रव भरत असे. सर्जनांनी यालाही जुनाच उपाय लावला आणि पहिल्या काही दिवसांतच छाती उघडायला सुरुवात केली. तळांवरचा मृत्युदर सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास गेला. काही ठिकाणी तो याहून कितीतरी जास्त होता.

ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय शोधले?

त्या काळचा सर्वमान्य समज असा होता, की छातीचे दोन कप्पे आहेत आणि मध्ये भक्कम पडदा आहे. एका बाजूला छेद दिला तर फक्त त्या बाजूचे फुप्फुस आक्रसेल, दुसऱ्या बाजूचे काम चालू राहील आणि रुग्ण तगेल.

ग्रॅहम यांनी सहकारी रिचर्ड बेल यांच्यासह हा समज तपासून पाहायचे ठरवले. त्यांनी कुत्र्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग करून छातीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजला. एका बाजूला छेद देऊन हवा आत जाऊ दिली, की दुसऱ्या बाजूचा दाबही जवळपास तितकाच बदलत असल्याचे आढळले. मधला पडदा भक्कम नव्हता, तो सरकत होता. म्हणजेच एका बाजूचे भोक दोन्ही फुप्फुसांना भोवत होते.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. छातीला किती मोठे भोक सोसेल, हे रुग्णाच्या श्वसनक्षमतेवर ठरते. श्वास घेताना हवा दोन वाटांनी आत येऊ शकते, श्वासनलिकेतून किंवा छातीच्या भोकातून. भोक मोठे असेल, तर हवा तिकडूनच आत येते आणि फुप्फुसात पुरेशी जात नाही. धडधाकट माणूस जोर लावून श्वास घेतो आणि काही प्रमाणात ही तूट भरून काढतो. न्यूमोनियाने अर्धे फुप्फुस निकामी झालेल्या सैनिकाकडे हा राखीव जोर उरलेलाच नसतो. निरोगी माणूस जो छेद सहज सोसेल, तोच छेद या रुग्णाचा जीव घेऊ शकतो.

मग जुन्या पुवात छाती उघडणे का चालत असे? कारण तोपर्यंत आवरणाचे थर ठिकठिकाणी एकमेकांना चिकटलेले असतात, मधला पडदा जाड आणि घट्ट झालेला असतो. हवा आत गेली तरी फुप्फुस फारसे आक्रसत नाही. शस्त्रक्रिया तीच, पण आठवडा चुकला की निकाल उलटा, असे हे गणित होते.

मग उपाय काय सुचवला?

आयोगाने तीन गोष्टींवर भर दिला. पहिली, न्यूमोनिया ऐन भरात असताना छाती उघडायची नाही. या काळात साठलेला द्रव सुईने काढायचा किंवा हवा आत जाणार नाही अशा बंद नळीने काढायचा. पू घट्ट झाला, थर चिकटले, श्वसन सुधारले, की मगच गरज असल्यास छाती उघडायची. दुसरी, पुवाची पोकळी लवकर जंतुमुक्त करून भरून येईल असे पाहायचे, जेणेकरून आजार वर्षानुवर्षे रेंगाळू नये. तिसरी, रुग्णाच्या पोटाकडे लक्ष द्यायचे.

या तिसऱ्या मुद्द्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. पुवावाटे शरीरातली प्रथिने सतत वाहून जात असतात आणि तापामुळे शरीराची गरज वाढलेली असते. अशा रुग्णाला पेज-पाण्यावर ठेवले तर नळी नीट चालूनही तो खंगतो. त्यामुळे भरपूर उष्मांकाचा आणि प्रथिनांचा आहार हा उपचाराचाच भाग आहे, असे आयोगाने मांडले.

या पद्धतीचा परिणाम लवकरच दिसला. कॅम्प ली येथे मृत्युदर ५ टक्क्यांच्या खाली आला. नवे औषध सापडले नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. फक्त छेद देण्याची वेळ आणि पद्धत बदलली होती. या संशोधनासाठी ग्रॅहम यांना १९२०मध्ये फिलाडेल्फियाच्या शल्यचिकित्सा अकादमीचा सॅम्युअल ग्रॉस पुरस्कार मिळाला.

पाण्याच्या बाटलीचे काम काय?

बंद नळीची कल्पना ग्रॅहम यांची नव्हती. जर्मनीतील हॅम्बुर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५मध्येच छातीतली नळी पाण्याखाली ठेवून पू काढला होता. त्याविषयीचा त्यांचा लेख १८९१मध्ये प्रसिद्ध झाला. पण उघड्या शस्त्रक्रियेच्या जोरापुढे ही पद्धत मागे पडली होती. ती का आवश्यक आहे, याला मोजमापाचा आधार मिळाला तो लष्करी तळांवरच्या या अभ्यासाने.

या बाटलीचे तत्त्व शाळेतल्या विज्ञानाचे आहे. छातीतून येणाऱ्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली साधारण २ सेंटिमीटर बुडवलेले असते. रुग्ण श्वास सोडतो किंवा खोकतो तेव्हा छातीतली हवा आणि द्रव बाहेर ढकलला जातो. हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. श्वास आत घेताना मात्र बाहेरची हवा पाण्यामुळे परत येऊ शकत नाही. नळीत पाणी थोडे वर चढते आणि खाली येते, एवढेच. पाणी येथे एकमार्गी झडपेचे काम करते. बाटलीला हवा बाहेर जाण्यासाठी दुसरे तोंड असते आणि ते कधीही बंद करायचे नसते.

आज नळी कशी टाकतात आणि काय काळजी घेतात?

नळी सहसा काखेच्या खालच्या भागात टाकली जाते. पुढून छातीचा मोठा स्नायू, मागून पाठीचा रुंद स्नायू आणि खालून साधारण पाचव्या बरगडीच्या फटीची रेषा, यांच्यामधल्या त्रिकोणी भागाला डॉक्टर सुरक्षित त्रिकोण म्हणतात. येथे स्नायू कमी असतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि चेता असतात, म्हणून नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत नेतात. जागा बधिर केली जाते. आता बहुतेक ठिकाणी द्रव नेमका कुठे आहे हे आधी सोनोग्राफीने पाहतात. नळी टाकल्यावर एक्स-रे काढून ती जागेवर आहे की नाही, हे तपासले जाते.

त्यानंतरचे काम परिचारिका आणि नातेवाइकांचेही असते. बाटली नेहमी छातीच्या पातळीच्या खाली ठेवायची. ती वर उचलली तर बाटलीतले पाणी छातीत जाऊ शकते. रुग्णाला शौचाला किंवा एक्स-रेला नेताना बाटली खाटेवर ठेवण्याची चूक हमखास होते, ती टाळायची. नळी अंगाखाली दबलेली किंवा पिळलेली नाही, हे पाहायचे. बुडबुडे येत असतील तर नळीला चिमटा लावायचा नाही. कारण फुप्फुसातून हवा गळत असताना वाट बंद केली, तर ती छातीतच कोंडते आणि जीव धोक्यात येतो.

नळीतल्या पाण्याची पातळी श्वासाबरोबर खाली-वर होत असेल, तर नळी चालू आहे असे समजतात. ही हालचाल थांबली, तर नळी तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुगले असेल. यातले काय झाले हे डॉक्टरच ठरवतात. बाटलीत रोज किती द्रव आला आणि त्याचा रंग काय, याची नोंद ठेवली जाते. छातीत फार पाणी असेल तर ते सगळे एकदम काढत नाहीत. एका वेळी साधारण दीड लिटरची मर्यादा पाळतात, कारण दबलेले फुप्फुस एकाएकी फुगले तर त्यातच पाणी होऊ शकते. वेदनाशामक औषधही आवश्यक असते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि मग फुप्फुस फुगत नाही. आहाराचा नियम तर १९१८चाच आहे.

युद्धानंतर ग्रॅहम यांनी काय केले?

१९१९मध्ये ते सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. बार्न्स रुग्णालयात आणि या विद्यापीठात त्यांनी १९५१पर्यंत काम केले. १९२४मध्ये त्यांनी वॉरन कोल यांच्यासह पित्ताशय एक्स-रेत दिसेल अशी चाचणी विकसित केली. पुढे अमेरिकेत सर्जन होण्यासाठी परीक्षेद्वारे पात्रता ठरवणारे मंडळ १९३७मध्ये स्थापन झाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष होते. कट प्रॅक्टिसला कंटाळलेल्या ग्रॅहम यांना सर्जनचे काम ओळखीपाळखीवर नव्हे, तर कौशल्यावर चालावे, असे वाटत होते.

५ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी जेम्स गिलमोर या पिट्सबर्गच्या ४८ वर्षीय डॉक्टरवर शस्त्रक्रिया केली. गिलमोर यांना डाव्या फुप्फुसाचा कर्करोग होता. फुप्फुसाचा एक भाग काढायचा बेत होता. मात्र गाठ अशा जागी निघाली की भाग काढून उपयोग नव्हता. ग्रॅहम यांनी फुप्फुसाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी काही क्षण दाबून धरली, रुग्णाची प्रकृती स्थिर राहते हे पाहिले आणि संपूर्ण फुप्फुस काढले. कर्करोगासाठी एकाच शस्त्रक्रियेत पूर्ण फुप्फुस काढूनही रुग्ण वाचल्याची ही पहिली घटना मानली जाते.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. फुप्फुस काढल्यावर उरलेल्या पोकळीत पू झाला. ती पोकळी लहान व्हावी म्हणून ग्रॅहम यांनी शस्त्रक्रियेच्या वेळीच काही बरगड्या काढल्या होत्या, नंतर आणखी काढाव्या लागल्या. लष्करी तळावर शिकलेले सगळे येथे कामी आले. गिलमोर बरे झाले आणि पुन्हा स्वतःची प्रॅक्टिस करू लागले.

सिगारेटबाबत त्यांचे मत कसे बदलले?

ग्रॅहम स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत. न्यू ऑर्लीन्सचे सर्जन आल्टन ऑक्सनर धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध जाहीरपणे मांडत, तेव्हा ग्रॅहम यांनी तो थट्टेवारी नेला होता. खप तर नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला आहे, असा त्यांचा टोला होता. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यामागचा मुद्दा होता.

नंतर अर्न्स्ट विंडर हा वैद्यकीय विद्यार्थी हाच संबंध तपासण्याची परवानगी मागायला आला. ग्रॅहम यांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता, तरी त्यांनी त्याला अडवले नाही. आपले रुग्ण आणि आपले नाव दोन्ही त्यांनी या अभ्यासाला दिले. कर्करोगाचे निदान पक्के झालेल्या ६८४ रुग्णांची माहिती गोळा झाली. २७ मे १९५० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुरुष रुग्णांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक जण अनेक वर्षे भरपूर धूम्रपान करणारे होते. १९५३मध्ये विंडर, ग्रॅहम आणि ॲडेल क्रोनिंजर यांनी उंदरांच्या त्वचेवर तंबाखूचे डांबर लावून कर्करोग होतो, हे दाखवले.

आकड्यांपुढे ग्रॅहम यांनी माघार घेतली आणि ५०च्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट सोडली. पण तोवर सुमारे अर्धशतक धूम्रपान झाले होते. १९५७च्या सुरुवातीला फ्लूसारखा वाटणारा आजार हटेना, म्हणून एक्स-रे काढला गेला. दोन्ही फुप्फुसांत कर्करोग पसरला होता. ज्या शस्त्रक्रियेने त्यांनी गिलमोर यांना वाचवले, ती येथे शक्यच नव्हती. ४ मार्च १९५७ रोजी बार्न्स रुग्णालयात वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे रुग्ण गिलमोर १९६३पर्यंत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३० वर्षे जगले.

त्यांच्या कामातून आज काय घ्यायचे?

छातीत पाणी किंवा पू झाल्याचे निदान झाले, की घरचे लोक दोन टोकांना जातात. काही जण लगेच सगळे काढून टाका म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात, तर काही जण नळीच्या भीतीने रुग्णाला घरी घेऊन जातात. ग्रॅहम यांचे उत्तर या दोन्हींच्या मधले आहे. पू काढायचाच, पण आजाराची अवस्था पाहून आणि हवा आत जाऊ न देता. आज प्रतिजैविके आहेत, सोनोग्राफी आहे, बारीक नळ्या आहेत, त्यामुळे पूर्वीइतके थांबावे लागत नाही. डॉक्टर सुई, नळी की शस्त्रक्रिया हे तपासणीवरून ठरवतात. घरच्यांनी विचारायचे प्रश्न मात्र साधे आहेत : बाटली खाली आहे का, पाणी हलते आहे का, आज किती द्रव आला आणि रुग्ण पुरेसे जेवला का?